सकाळची शिफ्ट

दिनानाथ जेवत नाहीये, ही बातमी इंदूरच्या आमच्या गल्लीत सर्वांत आधी कचरागाडीला कळली. सर्वांत शेवटी मला. मी त्याच्या वरच्या मजल्यावर राहतो, दिवसातून चारदा त्याच्या दारावरून जातो-येतो, आणि तो नीट जेवतो की नाही हे बघायचं काम त्याच्या मुलीनं, यामिनीनं, खास माझ्यावर सोपवलं होतं. ती बेंगळुरूला असते. "बाळूकाका, बाबांवर फक्त लक्ष ठेवा, बाकी काही नको," म्हणाली होती. लक्ष मी अगदी चोख ठेवलं. दिसलं मात्र काही नाही.

हे समजायचं तर आधी प्रमोदिनीवहिनी समजल्या पाहिजेत. वहिनी म्हणजे दिनानाथची बायको. मराठी शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातली बहुतेक वर्षं सातवीचा ऊर्जेचा धडा. पुढे शाळा सुटली, धडा सुटला नाही. त्यांच्याकडे जेवायला बसणं म्हणजे तोंडी परीक्षा.

"बाळूभाऊजी, ही पोळी कुठून आली?"

"तव्यावरून."

"त्याच्या आधी?"

"कणकेतून. गव्हातून. सीहोरच्या कुठल्या तरी शेतातून."

"त्याच्या आधी?"

"वहिनी, भाजी गार होतेय."

"सूर्यातून! सूर्याचा एवढा तुकडा तुम्ही आत्ता गिळलात. आता त्याचं काहीतरी करा. निदान आपलं ताट आपण उचला."

दाढी करताना मी नळ चालू ठेवतो, हे त्यांना खालच्या मजल्यावर पाइपाच्या आवाजावरून कळायचं. जिन्यातूनच ओरडायच्या, "भाऊजी, नर्मदा सत्तर किलोमीटरवरून घाट चढून आलीय! ती काय हौसेनं चढते? तिकडे पंप धापा टाकतायत तुमच्या दाढीसाठी!" त्या भीतीनं मी दोन वर्षं दाढी वाढवली. लोकांना वाटलं अध्यात्म.

त्यांच्या घराचा एकच कायदा होता. रिकाम्या खोलीत दिवा नको. दिनानाथ स्वयंपाकघरातून पाणी पिऊन बाहेर यायचा आणि चार पावलांवरून परत वळायचा, बटण बंद करायला. चाळीस वर्षांच्या संसारात तो माणूस किती किलोमीटर उलटा चालला असेल, याचा हिशेब वहिनींनी कधी केला नाही. तीही ऊर्जाच की.

दिनानाथ स्वतः ऊर्जेच्या प्रॅक्टिकलचा माणूस. मिलच्या बॉयलर हाउसमध्ये बॉयलर अटेंडंट. कोळसा टाकायचा, पाण्याची पातळी बघायची, वाफेचा काटा सांभाळायचा. त्याची वाफ पुढे रंगखात्यात जायची आणि आख्ख्या इंदूरच्या चादरी रंगायच्या. मिल बंद पडली त्या दिवशी सगळे गेटवर घोषणा देत होते आणि हा आत एकटा. "बॉयलर असा सोडून नाही येता येत, भिया," हे तो मला नंतर समजावून सांगायचा. "एकदम विझवला तर तडकतो. कोळसा कमी-कमी करत न्यावा लागतो. आज चार फावडी, उद्या तीन, परवा दोन." तीन दिवस तो तिथं राहिला. बॉयलरच्या पत्र्याला उघडा तळहात लावला आणि तो गार लागला, तेव्हा घरी आला. बंद पडलेल्या मिलचा बॉयलर तडकला काय आणि न तडकला काय, असं मी तेव्हा म्हणालो होतो. त्यावर तो माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हता.

आता बसची गोष्ट. आपल्या इंदूरला कचऱ्याचा केवढा अभिमान आहे ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. गीला वेगळा, सूखा वेगळा, आणखी चार प्रकार वेगळे. मराठी माणूस घरात मुलांशी हिंदी बोलतो म्हणून आम्ही हळहळतो, पण ओला कचरा म्हणणारा एकही मराठी माणूस मला छत्रीबागेत दाखवा. गीला म्हणजे गीला. तर वहिनी एकदा महिला मंडळाबरोबर देवगुराडियाकडचा प्लांट बघून आल्या. तिथं शहरभरातला गीला एका बंद टाकीत जातो, त्यातून गॅस निघतो, आणि त्या गॅसवर शहराच्या बसेस चालतात. एवढं कळलं आणि वहिनींचा एकतीस वर्षांचा धडा जणू रस्त्यावर धावायला लागला. त्या दिवसापासून भाजी निवडणं हे त्यांच्या लेखी सार्वजनिक वाहतुकीचं काम झालं. दर गुरुवारी दोघं विजय नगरच्या बसमध्ये बसायची, मॉलमध्ये सरकत्या जिन्याला वळसा घालून साध्या जिन्यानं वर जायची ("पाय दिलेत ना देवानं"), आणि परत यायची. खरेदी काही नाही. बसमध्ये चढताना वहिनी कंडक्टरला सांगायच्या, "भैया, आपकी बस मेरी गिलकी के छिलके पे चल रही है।" कंडक्टर म्हणायचा, "माताजी, टिकट तो फिर भी लगेगा।"

भाद्रपदात वहिनी तीन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेल्या.

यामिनी पंधरा दिवस राहिली. बापाला बेंगळुरूला चला म्हणून विनवून थकली. मग गल्लीतच डबे देणाऱ्या निवेदिताबाईंकडे डबा लावून गेली. चार पोळ्या, भाजी, वरण, भात. डबा साडेबाराला यायचा आणि दोनच्या सुमाराला धुतलेला, रिकामा, दाराच्या कडीला लटकलेला असायचा. मी गॅलरीतून वाकून बघायचो आणि यामिनीला फोनवर अंगठ्याचं चित्र पाठवायचो. रोज दोनला एक अंगठा. ती दोन हात जोडलेलं चित्र परत पाठवायची. आमच्या दोघांचा संवाद हा एवढाच. पोस्टात छत्तीस वर्षं काढल्यामुळं निरोप वेळेवर पोचवण्यात माझा हात कोणी धरला नसता. निरोप खरा आहे की नाही हे बघणं पोस्टाचं काम नव्हतं.

दिवाळी झाली, थंडी आली. दिनानाथनं स्वेटर चढवला, त्यावर मफलर, कानटोपी, आणि वरून वहिनींची तपकिरी शाल. माणूस किती उरलाय हे लोकरीवरून काय कळणार? माझी बायको अमिता एकदा म्हणाली, "दिनानाथ भाऊजींचे डोळे खोल गेल्यासारखे वाटतात." मी म्हणालो, "शाल वहिनींची आहे, आणखी काय होणार." बोलताना फार मार्मिक वाटलं होतं मला.

आणि याच दिवसांत त्याचा गीला वाढला.

सकाळी आठला गाडी यायची. गाडीबरोबर द्वारकाबाई, हातात दस्ताने, डोक्याला रुमाल, आख्ख्या गल्लीच्या घरातलं सगळं ठाऊक असलेली बाई. दिनानाथ हिरवं डस्टबिन दोन्ही हातांनी उचलून आणायचा. द्वारकाबाई म्हणायची, "बाबूजी, इत्ता गीला तो जॉइंट फैमिली का नी निकलता!" दिनानाथ हसायचा. मी वरून ऐकत असायचो. मला एवढा चांगला विषय बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. पोह्यांच्या दुकानावर मी जाहीर केलं की विजय नगरची बस आमचा दिनानाथ एकटा ओढतो. त्याला मी कोळसामंत्री ही पदवी दिली. लोक त्याला रस्त्यात विचारायचे, "क्यों मंत्रीजी, आज गाड़ी टाइम पे है?" तो मफलरमधून म्हणायचा, "कोयला डाल के आया हूँ।" सगळे हसायचो. एकट्या माणसाचं डस्टबिन भरतं कसं, हा प्रश्न त्या हसणाऱ्यांत एकालाही पडला नाही. मी तर हसवणारा होतो.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी आमचं डस्टबिन घेऊन खाली गेलो. अमिताचा गुडघा दुखत होता म्हणून. एरवी हे खातं तिच्याकडं. दिनानाथ आपलं ठेवून आत गेला होता. द्वारकाबाई गाडी पुढं जाऊ देईना.

"भाईसाब, एक बात बोलूँ? बुरा मत मानना।"

"बोलो."

"बाबूजी के यहाँ कोई मेहमान हैं क्या?"

"नहीं. क्यों?"

तिनं हिरवं डस्टबिन माझ्यासमोर तिरकं केलं. आत चार पोळ्या होत्या. चार. घडी घातलेल्या, जशा डब्यातून आल्या तशा. त्यावर भात, भाताला डब्याचा गोल आकार तसाच. वरण त्यावर ओतलेलं. सालं नाहीत, देठं नाहीत.

"रोज का है," द्वारकाबाई म्हणाली. "पहले एक रोटी आती थी, फिर दो। अब पूरा टिफिन। मैंने पूछा भी, बाबूजी, खाते क्यों नी? बोले, बस के लिए है। आप लोग मजाक करते हो ना बस का, तो मैं समझी मजाक है।"

गाडी निघून गेली. मी तसाच दिनानाथकडे गेलो.

दार उघडंच होतं. दिनानाथ कॉटवर भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन मनगट धरलं. म्हणजे स्वेटरची बाही धरली. मनगट बऱ्याच आत सापडलं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"कशाला?"

"दिन्या, मी डस्टबिन बघून आलोय."

तो पकडलेल्या मुलासारखा दिसत होता म्हणावं, तर तसाही नाही. काम जवळजवळ संपवलेल्या माणसासारखा दिसत होता.

"नरकचतुर्दशीपासून," तो म्हणाला. "घाई नाही केली, भिया. आधी तीन पोळ्या. मग दोन. महिनाभर एकीवर होतो. आता दोन कप चहा, एखादं बिस्कीट. काही त्रास नाही बघ. एकदम विझवलं असतं तर त्रास झाला असता."

"अरे पण का?"

"ती काय म्हणायची? रिकाम्या खोलीत दिवा नको." हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं की मी मागं वळून खरंच खोलीकडं बघितलं. "मी काय करतो दिवसभर? बसतो. बसायला चार पोळ्या कशाला लागतात? आणि अन्न वाया नाही घालवलं हं मी. नाल्यात नाही टाकलं. गीलामध्येच टाकलं. चार पोळ्यांत बस थोडी तरी पुढे जात असेल. तिच्यात माणसं बसतात, कामावर जातात. माझ्यात घालून काय?"

मला वाद घालता येतो असा माझा समज होता. पोस्टातल्या युनियनमध्ये मी भल्याभल्यांना गप्प केलं होतं. शेवटी त्याच्याच भाषेत बोलावं म्हणून म्हणालो, "संप असायचा तेव्हा तू आग विझवायचास का? नाही ना? राखेखाली निखारे दाबून ठेवायचास. तसं दाबून ठेव की. विझवतोस कशाला?"

"दाबून ठेवायचे," तो म्हणाला, "ते सकाळची शिफ्ट येणार असेल तर."

बाहेर कोणीतरी पतंग घेऊन ओरडत पळत गेलं.

"मी आहे सकाळची शिफ्ट," मी म्हणालो.

"तू?" त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "तू तर पोस्टवाला. फावडं उलटं धरशील."

"शिकव मग. रोज आठला येईन. उद्यापासून काय, आत्तापासून. अमिता पोळ्या करतेय वर."

तो हसला. खरंच हसला. आणि मी वरून आणलेल्या पोळीतली अर्धी त्यानं दुधात बुडवून, फार हळूहळू खाल्ली. उरलेल्या अर्धीसाठी मी हट्ट धरला तर म्हणाला, "भिया, गार झालेला बॉयलर आहे. दोन दिवस लागतात पेटवायला. नुसतं लाकूड, मग थोडा कोळसा. घाई केली की तडकतो."

"दिन्या," मी म्हणालो, "तू बॉयलर नाहीस. माणूस आहेस."

हे वाक्य मला तेव्हा फार चांगलं वाटलं.

मी यामिनीला फोन केला. अंगठ्याचं चित्र पाठवणं सोपं असतं. हे शब्दांत सांगावं लागलं. ती म्हणाली, "मी शनिवारी सकाळी पोचते. रजा मंजूर करून घेते. काका, तोवर डॉक्टरांना दाखवा प्लीज."

"अगं डॉक्टर काय करणार? भुकेवर औषध एकच. तू ये तर, तोवर बघ मी त्याला कसा टुणटुणीत करतो."

मंगळवार होता तो.

इथं आमच्या गावाबद्दल एक सांगायला हवं. माळव्यात पाहुण्याला नुसतं वाढत नाहीत, मनवार करतात. मनवार म्हणजे आपल्या मराठी आग्रहाचा मोठा भाऊ. नको म्हटलेल्याच्या ताटात आणखी दोन जिलब्या पडतात; ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आम्ही दक्षिणेतून आलो तेव्हा आग्रह घेऊन आलो आणि इथली मनवार शिकलो. दोन्ही एकाच ताटात. अशा माणसांच्या हाती उपाशी माणूस सापडला तर काय होईल?

बुधवारी संक्रांत. सकाळी आठला मी शिफ्टवर हजर. पोहे, वर सेव, शेजारी गरम जिलबी. "चार खा." त्यानं दोन खाल्ल्या. "माझी शपथ." तिसरी खाल्ली. "वहिनींची शपथ." चौथी खाताना त्याचे डोळे भरले, मला वाटलं वहिनींच्या आठवणीनं. दुपारी अमितानं गूळपोळी केली, तूप ओतून. निवेदिताबाईंना सगळं कळलं होतं; त्या स्वतः डबा घेऊन आल्या आणि समोर बसून जेवू घातलं. संध्याकाळी गाजरहलवा. पोह्यांच्या दुकानावर ज्यांना ज्यांना मी हसवलं होतं ते सगळे अपराधी चेहऱ्यानं तिळाच्या वड्या घेऊन आले. "मंत्रीजी, लो।" कोणाला नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. आणि मला वाटतं, माझा आनंद त्याला मोडवत नव्हता. एकदा हळूच म्हणालाही, "भिया, थोडं थांबूया का?" मी म्हणालो, "शिफ्ट इन्चार्ज कोण आहे?" त्यानं चमचा उचलला.

गुरुवारी सकाळी द्वारकाबाईनं हिरव्या डस्टबिनमध्ये डोकावून बघितलं. तळाला चहाची पत्ती आणि गाजराची सालं. "आज बस पैदल जाएगी," ती म्हणाली आणि डोळ्याला पदर लावून हसली. मीही हसलो. दोनला यामिनीला अंगठा पाठवला. त्या दिवशीचा अंगठा खरा होता, एवढंच मला म्हणायचंय.

त्याच दिवशी त्याचे पाय जरा फुगलेले दिसले. घोट्याशी बोट दाबलं की खळगा पडत होता. मी अमिताला म्हणालो, "बघ, अंगाला लागायला लागलंय."

शुक्रवारी सकाळी मी शिरा घेऊन खाली गेलो तेव्हा तो उशा रचून बसला होता आणि दोन शब्दांमध्ये श्वास घेत होता. "काटा," म्हणाला, "वर... चाललाय." छातीवर हात ठेवला होता. मला कळलं नाही तो कुठला काटा म्हणतोय. मग कळलं. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. छावणीच्या सिग्नलला आमच्या शेजारी बस येऊन थांबली, विजय नगरची. त्यानं तिच्याकडे बघितलं की नाही, मी सांगू शकत नाही. सांगायचा मोह होतो.

साडेअकराला डॉक्टर बाहेर आले. तरुण मुलगा होता. त्यानं मला बाकावर बसवलं आणि फार शांतपणे विचारलं, "इतके दिवस उपाशी होते, मग खाणं सुरू केलं, बरोबर? किती? कसं?"

मी सांगितलं. पोहे, जिलब्या चार, गूळपोळ्या, हलवा, वड्या. सांगताना प्रत्येक पदार्थ पहिल्यांदाच ऐकल्यासारखा वाटत होता.

तो म्हणाला की इतक्या दिवसांच्या उपवासानंतर शरीर जवळजवळ बंद पडलेलं असतं. त्यात एकदम गोड, एकदम भरपूर घातलं की रक्तातले क्षार कोसळतात, हृदयाला ते झेपत नाही. चमच्या-चमच्यानं सुरू करायचं असतं, रोज रक्त तपासत. "कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

सांगितलं होतं. ज्याला सगळ्यांत जास्त कळत होतं त्यानंच सांगितलं होतं.

"खायला कोणी घातलं?"

"मी."

डॉक्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, घरचे बहुतेक हेच करतात. प्रेमानंच करतात." त्यानं ओरडायला हवं होतं.

दिनानाथ चारला गेला. यामिनी शनिवारी सकाळी पोचली, ठरल्याप्रमाणे. मी तिला सगळं सांगितलं, जिलब्यांचा आकडासुद्धा. ती ऐकत होती. संपल्यावर एवढंच म्हणाली, "काका, तुम्ही रोज अंगठा पाठवत होतात." आवाजात राग नव्हता. मला तो शोधूनही सापडला नाही. मग तिनं माझ्यासाठी चहा टाकला, आणि कप दिल्यावर चार पावलांवरून परत वळून स्वयंपाकघरातला दिवा बंद केला.

आपल्यात माणूस गेल्यावर दहा दिवस त्याच्या जागी दिवा ठेवतात. कॉट होती तिथं यामिनीनं पिठावर पणती ठेवली, ज्योत दक्षिणेला. दिवा विझू द्यायचा नसतो. ती म्हणाली, "आई असती तर म्हणाली असती, रिकाम्या खोलीत दिवा कशाला?" आणि पहिल्यांदा रडली.

तेल घालायचं काम मी मागून घेतलं. ती म्हणाली, "तुम्ही कशाला काका, मी आहे ना." मी म्हणालो, सकाळची शिफ्ट माझी आहे. तिला संदर्भ माहीत नव्हता. पहिल्याच सकाळी बाटली तिरकी केली आणि तेल भसकन पडलं. ज्योत फडफडली.

"काका, एकदम नका ओतू," ती मागून म्हणाली. "वात बुडते."

त्यानंतर मी बाटली वापरली नाही. वहिनींच्या मसाल्याच्या डब्यात एक अगदी छोटा चमचा होता, हिंगाचा. त्यानं घालायचो. अर्धा चमचा, मग थांबायचो, ज्योतीकडे बघायचो, मग अर्धा. एका वेळेला वीस मिनिटं लागायची. आठला खाली जिन्याशी गाडी थांबायची. द्वारकाबाई हाक न मारता दोन क्षण जास्त थांबायची आणि पुढं जायची.

दहाव्या दिवशीची क्रिया उरकून आम्ही दुपारी घरी आलो. भटजींनी सांगितलं होतं, दिवा फुंकून विझवू नका. मी तेल घातलं नाही. यामिनी एका बाजूला बसली, मी एका बाजूला. ज्योत आधी उंच झाली, मग बारीक, मग निळसर. ज्योतीनं आपला वेळ घेतला. मग धुराची एक रेघ छताकडे गेली आणि खोलीत संध्याकाळचा उजेड तेवढा राहिला.

यामिनी उठायला लागली. मी म्हणालो, "बस जरा."

पणतीला तळहात लावून बघितला. अजून कोमट होती. आम्ही बसून राहिलो, ती गार लागेपर्यंत.